वरची तार तुझी

राजय्या,

परवा मी तुझ्या माळवदावर चढलो. तू असतास तर शिडीखाली उभा राहून म्हणाला असतास, "मास्तर, गुडघा घरी ठेवून आलात का काय?" सात वर्षं आपण जोडीनं रेडिओ बसवले आणि सात वर्षांत मी एकदाही कुणाच्या छपरावर गेलो नाही. वरची तार तुझी, खालची माझी, ही आपली पहिल्या दिवसापासूनची वाटणी. बांबू उभे करणं, त्यांच्यामधली एरियल ताणणं हे तुझं काम. तार घरात घेणं, रेडिओची पेटी आणि बॅटऱ्या जोडणं, अंगणात अर्थ पुरणं हे माझं. माझं पोट आणि माझा गुडघा दोन्ही जमिनीवरच बरे, हे तूच परस्पर ठरवून टाकलं होतंस.

तुझं दिवसकार्य होऊन दोनच दिवस झाले होते. नरसम्मा वहिनी माझ्या दारात आल्या. घरात न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मास्तर, वळवाच्या वाऱ्यानं आमची तार तुटली. न्हायतर काढून न्या, न्हायतर जोडून द्या. पर अशी लोंबती ठेवू नका. बघवत न्हाय." मी "येतो" म्हणालो. तुझ्या अंगणात शिडी लावली, आणि पहिल्याच पायरीवर अडून राहिलो.

ते गुडघ्यामुळे नव्हतं. चार वर्षांपूर्वी नीलव्वांच्या घरात, वीसएक माणसांसमोर, मी तुझ्या हातच्या गाठीला दोष दिला होता. दोष गाठीचा नव्हता, माझा होता, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतो तेही खोटंच. मी सांगितलं नाही. रोज भेटत होतो, रोज तुझ्या डब्यातली शेंगांची चटणी खात होतो, सांगायला काय झालं होतं?

आपली पहिली भेट आठवते? होटगी स्टेशनावर तारमास्तर म्हणून कडकट्ट करता करता माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आणि मी नोकरी सोडून सोलापुरात आलो. नव्या पेठेतल्या रेडिओच्या दुकानदारानं मला ठेवून घेतलं. तारेतलं मला कळतं अशी त्याची समजूत होती, आणि माझी तर होतीच होती. त्याला वर चढणारा माणूस हवा होता. तू आलास. अंगात बंडी, केसांत मागावरच्या सुताचा भुरका, अंगाने इतका बारीक की बांबू कोणता आणि तू कोणता ते मला विचारावं लागलं असतं. तुझी परीक्षा घ्यावी म्हणून मी तारेचे दोन तुकडे पुढे टाकले आणि म्हणालो, जोड. तू टोकं काचकागदानं घासलीस, बोटांवर कसला तरी वेढा घेतलास आणि तार माझ्या हातात दिलीस. मला बघायलाही मिळालं नाही. जोड सापडायला बोट फिरवावं लागत होतं.

"ही काय केलीस?"

"मुडी."

"मोडी? मोडी तर मलाही येते," मी ऐटीत म्हणालो.

तू इतका हसलास की तुला खोकला आला. मग सांगितलंस, तेलुगूत गाठीला मुडी म्हणतात. "मास्तर, तुमची मोडी कागदावर. आमची सुतावर. आमच्यात पोराला अक्षर मागनं येतं, मुडी आदी येते." त्या दिवशी मला तुझा थोडा राग आला होता. आल्या आल्या माणसानं आपल्याला हसावं हे मला कधी खपलेलं नाही.

सूड मी अर्थावर उगवला. तुला समजावून सांगत होतो की वरच्या तारेनं पकडलेलं शेवटी जमिनीत जावं लागतं. त्यासाठी खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरायचा, भोवती मीठ आणि कोळसा घालायचा, रोज तांब्याभर पाणी ओतायचं. जमिनीला इंग्रजीत अर्थ म्हणतात. तू गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "म्हंजे मास्तर, अर्थ मातीत पुरल्याबिगर पेटी बोलत न्हाय?" मी हो म्हणालो. "आनि तो पुरायचं काम तुमच्याकडं?" त्यावर दुकानदार मोठ्यानं हसला. पुढे सगळ्या पेठेत मी अर्थ पुरणारा मास्तर झालो, ते तुझ्यामुळे.

तारेवरून आपण जेवढं भांडलो तेवढं मी बायकोशीही भांडलो नाही. माझं म्हणणं एकेरी जाड तांब्याची तार घ्यावी, सरकार अख्ख्या मुलखात तीच घालतं. तू म्हणायचास, सात बारीक तारांचा पीळ घातलेली घ्या, एक तुटली तर सहा धरून ठेवतात, वाऱ्यात जाड तार एकाच जागी वाकून वाकून मोडते. दुकानदार तिसरीच पुढे करायचा, वर रंगीत सुताची वीण असलेली, चकचकीत. तू ती चिमटीत धरून डोळे मिटायचास. "हे नवरदेवाच्या मुंडावळीचं सूत हाय शेट. मांडवात बरं दिसतं, माळवदावर दोन म्हैने टिकायचं न्हाय." मग सातपदरी तार चिमटीत फिरवून सांगायचास, हिचा पीळ सैल आहे, ही नको, त्या वेटोळ्यातली द्या. आणि ती खरंच चांगली निघायची. मी हे तोंडानं कधी कबूल केलं नाही. माझ्या घरावर मी सातपदरीच लावून घेतली आहे. ती बाजारात एकेरी मिळाली नाही म्हणून, असं तुला सांगितलं होतं. मिळत होती.

भांडणाचा खरा मुद्दा जोडाचा होता. तारमास्तराच्या शाळेत आम्हाला एकच शिकवलं होतं: जोड म्हटला की डाग. डाग द्यायचा तो कइया शेगडीत लाल करायचा, कथील वितळवायचं, जोडावर डाग द्यायचा, मगच तो जोड. तू म्हणायचास, डागानं तांबं मऊ पडतं, आणि नेमकं डागाशेजारीच तुटतं. मुडी ओढाल तितकी आवळते. मी पुस्तक काढायचो, तू बोटं पुढे करायचास. राजय्या, कागदावर माझंच बरोबर होतं, हे मी आजही सोडणार नाही. पण तुझ्या बोटांना कागद लागू नव्हता.

नीलव्वांच्या घराचं काम आलं तेव्हा उन्हाळा होता. मोठं किराणा दुकान, घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांची धाकटी लेक शांता मुंबईला दिलेली. ती तिकडे गाणं शिकली, आणि मुंबईच्या केंद्रावरून पंधरा मिनिटं गाणार असल्याचं तिचं पत्र आलं. थोरल्या लेकाला, शिवप्पांना, बहिणीनं असं चारचौघांत गाणं पसंत नव्हतं. दोन वर्षं तिचं माहेरी येणं बंद होतं, बहुतेक पत्रंही दुकानातल्या दुकानात अडायची. नीलव्वांनी एक दिवस ताट बाजूला सारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सारलं, तेव्हा शिवप्पा पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढून आले.

आणि तू पहिल्याच दिवशी ते काम घालवायला निघाला होतास! तार बांबूपासून वेगळी ठेवायला ते चिनी मातीचे गोळे लागतात. आपल्यात सगळे त्यांना अंडी म्हणायचे. तू दारातून हाक दिलीस, "अव्वा, वर चार अंडी लावायची हायेत." अव्वा आतून तरातरा बाहेर आल्या. "अय्यो शिवने! माझ्या माळवदावर अंडी? चालते व्हा दोघंबी." मी समजावतोय, तू समजावतोयस, त्या कान झाकून उभ्या. शेवटी तू पिशवीतला एक गोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवलास. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे तर लिंबागत दिसतंय की. मग लिंबं म्हणा." तेव्हापासून सगळ्या सोलापुरात आपण लिंबंच लावली. त्यांनी त्या दिवशी तुला ओसरीवर बसवून चहा दिला. "बस रे, उन्हातनं चढलास," म्हणाल्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्या 'बस'चं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

तार सहा हात कमी पडली. तू वरूनच ओरडलास, मी उरलेला तुकडा वर फेकला आणि म्हणालो, खाली आण, डाग देतो. तू तिथंच मुडी मारलीस. आपण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे भांडलो. मी म्हणालो, "बघ बाबा, उद्या काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही." तू म्हणालास, "येत न्हाय की."

आणि मी काय केलं? दर जोडाला डाग म्हणून जगाला शिकवणारा मी. खड्डा खणून झाला, पत्रा ठेवला, तोवर शेगडी विझली होती. ऊन डोक्यावर होतं. आतून जेवायला हाक आली. मी म्हटलं, तूर्त पत्र्याला तार पक्कडीनं पीळ देऊन ठेवू, डाग जेवल्यावर देऊ. कडक भाकरी, दही, चटणी, वर ताक. जेवून उठलो तो डोळे मिटायला लागले. शिवप्पांच्या माणसानं खड्डा बुजवून टाकला होता. मी म्हटलं, राहू दे. पेटी लावली तर मुंबई स्वच्छ लागली. अर्थ कोण उकरून बघतो?

महिन्याभरानं शांताच्या गाण्याचा दिवस आला, त्या संध्याकाळी सातला ओसरी भरली होती, अंगणही भरलं होतं. अव्वा पेटीसमोर पाटावर बसल्या होत्या, हात मांडीवर जोडून. शांताचं नाव पुकारलं तेव्हा शिवप्पा खांबाआड गेले. तंबोरा लागला. मग तिचा आवाज आला. अव्वांच्या तोंडून फक्त "हां" एवढंच निघालं. एक ओळ झाली, दुसरी अर्धी झाली, आणि आवाज खोल खोल जायला लागला. खरखर झाली. मी कळ फिरवली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग नुसती खरखरसुद्धा राहिली नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. खांबाआडून शिवप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं केलं का?" आणि मी उठून उभा राहिलो. माझा आवाज अजून माझ्या कानात आहे. "ही याची गाठ. मी शंभरदा सांगितलं होतं डाग दे. धोतराचं सूत समजलास का हे?"

तू दाराशी उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. स्वतःच्या बोटांकडे बघितलंस.

अव्वांनी विचारलं, "राजय्या, गाठ घट्ट नव्हती का रे?"

"नसंल, अव्वा," तू म्हणालास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण गेलो. तू वर चढलास, ती गाठीची तार उतरवायला. मी नवी अखंड तार खाली मोजून ठेवली आणि सहज अर्थाच्या तारेला हात लावला. ती मातीतून सळ्ळकन वर आली. टोकाला काहीच नव्हतं. मिठानं पीळ खाल्ला होता, आणि अंगणातल्या गर्दीत कुणाचा तरी पाय तारेवर पडून राहिलेलं निसटलं होतं. मी तिथंच उकिडवा बसलो. शिवप्पा दुकानात होते, अव्वा आत होत्या. मी शेगडी पेटवली, पत्रा उकरला, डाग दिला आणि दोन्ही हातांनी माती लोटली. मग तुझी नवी तार चढली, पेटी लावली, मुंबई खणखणीत आली. सगळ्यांना पटलं. गाठ गेली आणि आवाज आला, याहून आणखी पुरावा कशाला?

शांता पुढे दोनदा गायली आणि अव्वांनी दोन्ही वेळा मन भरून ऐकलं. म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिलो की, कुणाचं काही बिघडलं नाही. तुझं बिघडलं होतं. त्या दिवसानंतर तू मुडी मारली नाहीस. तार कमी पडली की दोन्ही टोकं घेऊन बांबूवरून खाली यायचास, माझ्यापुढे धरायचास आणि म्हणायचास, "मास्तर, डाग द्या." टोमणा असता तर बरं झालं असतं. तू अगदी साधेपणानं म्हणायचास. ज्याच्यात पोराला अक्षराआधी गाठ येते, त्याची गाठ मी चारचौघांत सोडवली होती. दर वेळी कइया धरताना माझ्या हाताचा कंप वाढायचा आणि तू माझा हात धरून स्थिर करायचास.

बोलायला मी दोनदा तोंड उघडलं. एकदा बार्शीला जाताना गाडीत. तू खिडकीतून शेतं बघत होतास, मी म्हणालो, "राजय्या, ते नीलव्वांचं..." तू म्हणालास, "ज्वारी लई बरी दिसती यंदा." दुसऱ्यांदा तुझ्या शेवटच्या दुखण्यात. तुझी छाती भात्यासारखी चालत होती, मागावरचा सगळा भुरका जणू आत जाऊन बसला होता. मी तुझ्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "एक सांगायचं होतं." तू डोळे न उघडता हात हलवलास. 'असू दे' म्हणत होतास की 'नंतर' म्हणत होतास, ते मला आजवर कळलेलं नाही. मी भित्रा माणूस, मी 'नंतर' असंच धरलं. तिसऱ्या दिवशी गिरणीचा सकाळचा भोंगा झाला आणि तू गेलास.

आता परवाचं सांगतो.

तुझ्या माळवदावर पोचलो, बसून धाप टाकली आणि तुटलेली तार ओढून घेतली. तार पलीकडच्या बांबूपाशी, लिंबाच्या अगदी कडेला तुटली होती. हातात ओढून घेता घेता मधे बोटाला काही लागलं. मी थांबलो. तार पुन्हा फिरवली. सातपदरी तार, आणि तिच्यात, एका टोकापासून सहा हातांवर, मुडी.

नीलव्वांच्या माळवदावरची तीच तार. उतरवलेली तार तू घरी आणलीस आणि आपल्या घरावर चढवलीस. चार उन्हाळे, चार पावसाळे, डागाशिवाय. दर रविवारी मी तुझ्या घरी येऊन तुझा रेडिओ ऐकायचो. सांगायचोही, "राजय्या, तुझ्याकडे मुंबई जेवढी स्वच्छ येते तेवढी गावात कुणाकडे येत नाही." तू म्हणायचास, "तुमचा अर्थ चांगला हाय की मास्तर." आणि पान लावायला घ्यायचास.

मी गाठ उकलून पाहिली नाही. नखानं जरा काळं खरवडलं, आतून तांबं नव्यासारखं निघालं. वाऱ्यानं तार तोडली, पण गाठीला हात लावला नाही.

तिथं बसल्या बसल्या खाली बघितलं. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. सुपातला खडा त्यांनी उचलून टाकला, तो खडा मला वरून दिसला. पांढरा होता. नीलव्वांचं माळवद एवढंच उंच आहे. त्या सकाळी तू वर होतास आणि मी खाली अंगणात शेगडी पेटवून, पत्रा उकरून, डाग देऊन माती लोटत होतो. मी दुकानाकडे बघितलं होतं, दाराकडे बघितलं होतं. वर बघितलं नव्हतं. सात वर्षांत वर बघायची मला सवयच नव्हती.

तू पाहिलंस. पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. याचा मला राग येतो, राजय्या, खरं सांगतो. एक शिवी दिली असतीस, गल्लीत उभा करून चार शब्द सुनावले असतेस, तर मी ते तेव्हाच कबूल केलं असतं. माझ्यावर ठेवलंस सगळं. मी आपणहून बोलेन म्हणून थांबलास की काय? चार वर्षं? एवढा भरवसा माझ्यावर कुणी ठेवायला सांगितला होता तुला?

खाली उतरलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या निवडता निवडता थांबल्या. म्हणाल्या, "तरीच. मी विचारलं हुतं, जुनी तार कशाला लावताय. तर म्हनले, ह्या तारेलाबी ऐकू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला काय सांगताय मास्तर? जितं बोललात तितं सांगा की."

काल सकाळी नीलव्वांकडे गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. मी ओसरीवर उभ्या उभ्याच सांगितलं. गाठ चांगली होती, अर्थ मी कच्चा पुरला होता, दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं, मी माती लोटली. एवढी चार वाक्यं, आणि त्यासाठी मला चार वर्षं लागली होती.

अव्वांनी आत हाक मारली. "शिवप्पा, इकडं ये. मास्तर काय म्हणतात ते ऐक."

शिवप्पा आले. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. ते म्हणाले, "आता तो माणूसच राहिला नाही. काय उपयोग?" अव्वा म्हणाल्या, "उपयोगाचं राहू दे. ऐकलंस न्हवं?" ते "ऐकलं" म्हणाले आणि खाली मान घालून दुकानात गेले.

मग अव्वा मला म्हणाल्या, "मास्तर, तो म्हैन्याला बॅटरी न्यायला यायचा. दारात हुबा ऱ्हायाचा. त्या दिवसापासनं मी त्याला बस म्हनलं न्हाय हो. लेकीच्या आवाजात यानं खोट घातली, ते माझ्या मनातनं जातच नव्हतं. त्योबी कधी बसला न्हाय." त्यांनी ओसरीच्या कडेला हात लावला, जिथं तू बसला होतास तिथं, आणि पदरानं ती जागा पुसली. मला बस म्हणाल्या नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

आज सकाळी पुन्हा तुझ्या घरी गेलो. पिशवीत सवयीनं कथील होतं, कइया होता. अंगणात शेगडी पेटवली, तुटलेली दोन टोकं घासून ठेवली. हाताचा कंप काही थांबेना. तू होतास तेव्हा तू धरायचास. मी तसाच टोकं जुळवायला बघत होतो, तेवढ्यात वहिनी मागाच्या कांड्या भरता भरता उठून आल्या. "सोडा," म्हणाल्या. माझ्या हातातून दोन्ही टोकं घेतली, बोटांवर एक वेढा, दुसरा वेढा, आणि झालं. या वेळीही मला बघायला मिळालं नाही.

"वडा," त्या म्हणाल्या.

मी ओढली. मुडी आवळली. आणखी ओढली, आणखी आवळली.

मग तार वर नेली. होय, मीच नेली, गुडघ्यासकट. खाली आलो तेव्हा वहिनींनी अर्थाच्या खड्ड्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. पेटी लावली. मुंबईहून कुणी तरी बाई गात होती, शांता नव्हती, कोण होती ते कळलं नाही. आवाज स्वच्छ होता. आम्ही दोघंही शेवटपर्यंत ऐकत बसलो.

जाताना शेगडीकडे लक्ष गेलं. निखारे अजून लाल होते, कइया त्यात तापून बसला होता. वहिनींनी विचारलं, "मास्तर, त्याचं काय करायचं?"

मी तांब्यातलं उरलेलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. तुझ्या तारेत आता दोन मुड्या आहेत, राजय्या, आणि मी एकीलाही डाग दिलेला नाही.